अण्णामामाचे घर: चवथीपर्यंतच्या प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२५, बांदोडे

कामाचे नाव धाकट्या मामाने व्हॉट्सॲप गटावर लिहिले तेच ठेवते: ‘घर उघडणे’. अण्णामामाचे वर्षश्राद्ध जानेवारीत झाले. गेल्या साली चवथ केली नाही. यंदा गणपती बांदोड्याच्या घरातच आणायचा असे सगळ्यांचे ठरले आहे. चवथ २७ ऑगस्टला. त्याआधी चोवीस-पंचवीस माणसे राहू शकतील असे घर करायचे. देखरेख माझ्याकडे, कारण बाकीचे मुंबई, पुणे आणि कारवारला. पर्वरीहून उठून सकाळच्या चहाला फोंड्यात पोचणारी मी एकटी. पैसे सगळ्यांचे, सल्ले त्याहून जास्त.

कोर्टातल्या इन्व्हेंटरीची (वारसांत मिळकत वाटण्याच्या खटल्याची) फाइल वेगळी आहे. मामाचे लग्न झाले नव्हते, त्यामुळे वाटेकरी भरपूर, आणि गोव्याच्या कायद्याप्रमाणे त्यात बहिणी भावांच्या बरोबरीने. त्या भानगडीचा या नोंदींशी संबंध नाही. इथे फक्त वासे, कौले, पाणी आणि अंथरुणे.

आजची पाहणी: छपराचे पश्चिमेचे पाखे गळते. राजांगणाच्या (घरातल्या मधल्या चौकाच्या) कडेचे दोन वासे वाळवीने पोकळ, बोटाने दाबले तर पीठ पडते. विहिरीवरचा पंप बंद. न्हाणीतले पाणी तापवायचे तांब्याचे भाण शाबूत, चुलीत बसवलेले आहे तसेच. मधल्या खोलीत गाद्यांची चळत. खालच्या दोन उंदरांनी फोडल्या आहेत. स्वयंपाकघरातली मोठी पातेली मात्र घासून, मध्ये वर्तमानपत्राचे कागद घालून पालथी घातलेली. इस्पितळात जायच्या आधी मामाने ती आवरली असणार. ताप अंगात असताना.

१५ मार्च

शिगम्यामुळे मेस्त मिळाला नाही. ढोल-ताशांच्या दिवसांत सुतारकाम काढणाऱ्याला गोव्यात कोणी शहाणे म्हणत नाही.

गटावर कामाबरोबर आठवणीही वाहू लागल्या आहेत. पुण्याचा दादा लिहितो, ‘अण्णांचा स्वभावच तसा होता, दार कायम उघडे.’ त्यावर सतरा जणांचे हात जोडलेले. मला हे वाक्य पटत नाही. नुसत्या स्वभावाने भाणातले पाणी तापत नाही. पण हे गटावर लिहायची जागा नव्हे, म्हणून इथे.

जे बाहेरून येऊन ही नोंद वाचतील (नवे जावई, सुना) त्यांच्यासाठी थोडे. अण्णामामा आईचा थोरला भाऊ. फोंड्याच्या बाजारात एका कापडाच्या पेढीवर हिशेब लिहायचा. संध्याकाळी घरी येऊन कुळागर (पोफळी-माडांची बाग) बघायचा. आमच्या सगळ्या गोताची दैवते याच पट्ट्यात: कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथ, मंगेशी, मार्दोळची म्हाळसा, आणि घरापासून चालत जाण्यासारखा नागेश. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धाकाने सासष्टीतले देव इकडे अंत्रुजात, म्हणजे फोंडा महालात, आले. शांतादुर्गा केळोशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून. नागेश तेवढा मुळात इथलाच, त्याच्या देवळातला शिलालेख १४१३ सालचा आहे. देव हलले तसे भक्त आणखी लांब पांगले, पण लग्न ठरले, मूल झाले, नोकरी लागली की पाया पडायला सगळे इथेच येतात. आणि आले की उतरायचे अण्णामामाकडे. सख्खे, चुलत, मावस, आणि ज्यांचे नाते सांगायला पाच मिनिटे लागतात असेही. कोण किती दिवस राहणार हे त्याने विचारलेले मी ऐकले नाही. तो विचारायचा ते एवढेच: ‘पेज घेतां मू?’

१३ एप्रिल

मोठा दिवस. माडीवरच्या पेटाऱ्यात वही सापडली.

लाल कापडी बांधणीची, पेढीवर वापरतात तसली लांबट खातेवही. बाहेर काही लिहिलेले नाही. मला वाटले सुपारीचा हिशेब. उघडली तर प्रत्येक घराला एक खाते: ‘कारवार’, ‘गिरगाव’, ‘दादर थोरली’, ‘दादर धाकटी’, ‘पुणे’. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जमेला पाहुण्यांनी काय आणले: ‘बॅटरीचे सेल ४, पेढे, आईला लुगडे.’ नावेला जाताना काय दिले: ‘नारळ १०, सोलां (आमसुले) १ शेर, फणसाची साटां.’ बेरीज कुठेच मारलेली नाही. हिशेबनीस माणसाने पंचवीस-तीस वर्षांच्या जमा-नावेची बेरीज मारली नाही, याचा अर्थ वही त्यासाठी नव्हतीच. मग कशासाठी ते तळटिपांवरून कळते. ‘मागल्या खेपेला साटां दिली, यंदा पापड द्यावे.’ कोणालाही तीच पिशवी दोनदा जाऊ नये एवढ्यासाठी.

आणि खाली बारीक अक्षरात माणसांविषयी. या नोंदी तशाच उतरवून घेते, काही नावे गाळून:

‘दादर धाकटी: जमिनीवर बसवत नाही. पानाला पाट नको, खुर्ची-टेबल. तिच्या एकटीला न देता आणखी दोघांना द्यावे, म्हणजे तिला वाटणार नाही.’

‘गिरगावचा थोरला: रात्री उठतो. वाटेत कंदील.’ पुढे कंदील खोडून ‘झीरोचा दिवा’. दिवे घरात आले तेव्हाची दुरुस्ती असावी.

‘पुण्याची सून: अळू खाजते, सांगत नाही. खतखत्यात घालू नये.’

‘कारवार भावोजी: राजकारण काढतात. नागेशीच्या तळीवर न्यावे, मासे बघत बसतात.’

माझ्या आईच्या खात्यात माझी ओळ आहे, १९९१ सालची: ‘पोरगी गणितात नापास. कोणी विषय काढू नये. सकाळी आपल्याबरोबर कुळागरात न्यावी.’ ती सुट्टी मला आठवते. पाटाचे पाणी एका दळ्यातून दुसऱ्यात कसे वळवायचे ते त्याने मला शिकवले. मातीचा बांध फोडायचा, पोफळीच्या आळ्यांत पाणी भरू द्यायचे, मग ओंजळीने माती लोटून तोंड बुजवायचे आणि पुढचे फोडायचे. माझा बांध सारखा वाहून जायचा. तो बाजूच्या दगडावर बसून पान जुळवत राहायचा. मी मागितल्याशिवाय हात लावायचा नाही. कोणी मार्कांचा विषय काढला नाही हे तेव्हा माझ्या लक्षातही आले नव्हते. पाळत ठेवून न काढलेला विषय होता तो.

आणखी एक पान. जुलै १९८६. ५ जुलैला मांडवीवरचा नेहरू पूल पडला. त्याच आठवड्यात गिरगावची मंडळी म्हाळशीला यायची ठरली होती, सोबत तान्हे मूल. पावसाळ्यात मुंबईची आगबोट बंद, म्हणजे यायचे ते गाडीनेच, आणि गाडी म्हापशाहून बेतीपर्यंत, पणजीच्या समोरच्या काठावर, येऊन थांबणार. वहीत एवढेच आहे: ‘पूल नाही. फेरीने बेतीस गेलो. गाडी उशिरा. मूल बरे. दूध थर्मासात नेले होते.’ गिरगावच्या मामीला फोन करून विचारले. ती म्हणाली, फेरीच्या धक्क्यावर पावसात ही झुंबड, आणि त्यात छत्री धरून अण्णा उभा. किती वेळ उभा होता ते त्याने सांगितले नाही. वर म्हणाला, आत्ताच आलो.

वहीची पाने मोबाइलने टिपून ठेवली. दमट कागद, शाई उतरत चालली आहे. नीट स्कॅन करायला पणजीला नेणार. गटावर टाकायची का? सध्या नाही. त्यात माणसांची दुखणी आहेत, कर्जे आहेत, एकाचे मोडलेले लग्न आहे. त्याने ती कुलपात ठेवली होती.

४ मे

शाकारणी सुरू. मेस्तने वासे बदलायला मत्तीचे लाकूड आणले. रिपा नव्या.

कौलांचा घोळ अपेक्षेप्रमाणे. जुनी मंगळुरी कौले काढून रचली. काहींवर बासेल मिशनचा शिक्का आणि १८६५. मुंबईच्या मामेभावाने लगेच गटावर जाहीर केले की घर १८६५चे आहे. नाही. तो मंगळुरातला कारखाना सुरू झाल्याचा आकडा. घराचे वय आजोबांच्या आजोबांना विचारावे लागेल.

नवी कौले जुन्यांत बसत नाहीत. खाचा एका मापाच्या नसतात. वरून बसल्यासारखी दिसतात आणि पहिल्या पावसात तिथूनच ओघळ लागतो. मेस्तचा तोडगा बरोबर वाटला: फुटकी बाजूला काढून उरलेली सगळी जुनी पूर्वेच्या पाख्यावर, पश्चिमेचे पाखे पूर्ण नवे. चौरस मीटरला पंधरा धरून मागणी दिली. मे अखेर काम संपेल, पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात. आठवडाभर हातात राहतो.

२१ मे

आठवडा राहिला नाही. कालपासून धो धो. पूर्वेचे पाखे झाले आहे, पश्चिमेच्या नुसत्या रिपा. कौलांचा ट्रक अजून यायचा आहे.

ताडपत्र्या फोंड्याहून आणल्या, कमी पडल्या. शेजारची वयनी न बोलावता आली, गोठ्यामागे रचलेले झाप काढून दिले. माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप आता विकतही सहसा मिळत नाहीत. ती दरवर्षी थोडे विणून ठेवते, कारण ‘अण्णा मागायचे’. मांडव घालायला, लाकडे झाकायला. पेटारा आणि गाद्या राजांगणाच्या पलीकडे कोरड्या बाजूला हलवल्या. देवघर कोरडे.

२५ मे

काल केरळात मोसमी पाऊस पोचला आणि आज गोव्यातही, असे हवामान खाते सांगते. केरळात इतक्या लवकर २००९ नंतर पहिल्यांदाच. ट्रक भरपावसात आला, सड्यापर्यंतच चढला. तिथून हातांची साखळी करून कौले आणली. शेजारची पोरे, मेस्तची माणसे, नागेशीकडच्या वाटेवरून जाणारे दोन अनोळखी. सगळ्यांना वयनीने चहा-भजी दिली, आमच्याच चुलीवर. मी नुसती मोजत होते.

८ जून

पश्चिमेचे पाखे पूर्ण. कोनांची कौले बसली. एका ठिकाणी थेंब पडतो, तिथे तांब्या ठेवला आहे.

कुळागराचे वाईट. पोफळीला पावसाआधी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारायचे असते, नाहीतर कोळेरोगाने हिरव्या सुपाऱ्या गळतात. पाऊसच आधी आला. उघडीप मिळेल तशी फवारणी करू म्हणतो पाडेली (नारळ-सुपारी पाडणारा). यंदा सुपारीकडून फार आशा धरू नये.

२९ जून

चाचणी. कारवारची मावशी, तिची लेक, जावई आणि दोन मुले शुक्रवारी रात्री आली, आज दुपारी गेली. चवथीची तालीम म्हणून मीच बोलावले होते.

निष्कर्ष: पाच माणसांना दोन सकाळी आंघोळीचे पाणी पुरवायचे तर कोणीतरी पहाटे उठून भाणाखाली जाळ घालायला हवा. सहाला पहिला पाहुणा न्हाणीत शिरतो असे धरले तर चारला. नारळाची सुकी सोडणे, करवंट्या, झावळ्यांचे देठ लागतात आणि ते सगळे पावसाआधी गोळा करून कोरड्यात ठेवलेले असावे लागते. आमच्याकडे काहीच साठा नव्हता. एप्रिल-मेत कोणी गोळा केला नाही, कारण ते काम आहे हेच आमच्या यादीत नव्हते. मामाच्या वेळी न्हाणीमागची खोपी छपरापर्यंत भरलेली असायची. आम्हाला ती घराचाच भाग वाटायची, भिंतीसारखी.

गीझर बसवावा का, यावर गटात चर्चा. वायरमन म्हणाला, जुन्या तारांवर एक चालेल, दोन नाही. चोवीस माणसांना एक गीझर म्हणजे शेवटचा माणूस संध्याकाळी न्हाणार. तेव्हा भाणच. सोडणांची पोती विकत घ्यायची.

मावशी निघताना पायरीवर थांबली. मला कळेना कशासाठी. मग लक्षात आले, पिशवी. या घरातून रिकाम्या हाताने बाहेर पडायची तिला सवय नाही. वयनीकडून चार नारळ आणून दिले. मावशी हसली आणि म्हणाली, ‘अण्णा असता तर सोललेले असते.’

ती आणखी एक गोष्ट सांगून गेली. अण्णा कधी चिडत नसे हे खोटे आहे. एकदा एका चुलत भावाने जेवताना हसत हसत म्हटले, तुला काय, एकटा जीव, खर्च कसला. मामा पानावरून उठला नाही, पण रात्रभर ओसरीवर बसून होता. सकाळी त्याच भावाला स्टँडवर पोचवायला गेला. हे ऐकून मला बरे वाटले. ज्याला राग येतच नाही त्याच्या सोशिकपणाचे कौतुक काय करायचे?

१३ जुलै

पैशांची बाजू. बाजारातल्या किराणा दुकानदाराला भेटले, कारण वहीत त्याचे नाव वारंवार येते. आता त्यांचा मुलगा बसतो. वडिलांच्या वेळची खाती त्याने काढून दाखवली नाहीत, बरोबरच आहे, पण तोंडी सांगितले. चवथ आणि मे महिना या दोन वेळांना अण्णांची उधारी चढायची: तूरडाळ, साखर, गूळ, तेल. सुपारी विकली की फिटायची. ज्या वर्षी पीक गेले त्या वर्षी त्यांनी पेढीवर पगाराची उचल घेतली. आणि पुढच्या चवथीला माणसे तेवढीच.

आमच्यापैकी कोणालाही हे ठाऊक नव्हते. आता खर्चाचा तक्ता एक्सेलमध्ये आहे, दर माणशी विभागलेला. धाकट्या मावशीच्या नातवाला अर्धा धरायचा की पाव, यावर काल वीस निरोप आले.

पंप दुरुस्त. अंथरुणे कापसासकट पिंजून आली. दोन नव्या गाद्या.

९ ऑगस्ट, सुतां पुनव (नारळी पौर्णिमा)

वही स्कॅन झाली. प्रती दोनच काढल्या: एक धाकट्या मामाकडे, एक इथे. प्रत्येक घराला फक्त त्याचे स्वतःचे पान पाठवायचे, असा निर्णय मी घेतला. यावर रुसवे होतील. होऊ देत.

पहिली पाने पोचली. दादरच्या धाकट्या मावशीचा (वय ८३) रात्री फोन. ती बराच वेळ टेबलाच्या गोष्टीवर अडली होती. म्हणाली, ‘आणि मला वाटायचं, दोघा जावयांनाही गुडघेदुखी आहे.’

२४ ऑगस्ट

माटोळीची (गणपतीवर फळा-पानांनी बांधायच्या चौकटीची) तयारी. मामा हे सामान डोंगरावरून स्वतः आणायचा, आम्ही फोंड्याच्या बाजारातून आणले: कांगलां, कवंडाळ, घागऱ्यो, तोरिंगण, आंबाडे, चिबूड. नारळाची पेंड आणि सुपारीचे शिपटे कुळागरातले. कोळेरोगातून जे वाचले त्यातले. बांधायला केवणीचे दोर हवेत, सुतळी नको, यावर धाकटा मामा ठाम. मिळाले. लाकडी चौकट वर चढवायला चार माणसे लागली. मुंबईच्या मामेभावाने शिडीवरून विचारले, अण्णा एकटे कसे करायचे? वयनी म्हणाली, एकटे कुठे, आम्ही सगळी असायचो. तुम्ही यायच्या आधी व्हायचं सारं.

झोपायच्या जागांचा नकाशा वहीवरून केला. रात्री उठणारे दाराजवळ. घोरणारे माडीवर. उंदरांना भिणारी (मी) मधल्या खोलीत नाही.

२७ ऑगस्ट

सव्वीस माणसे. पाणी सगळ्यांना पुरले. पहाटेची पाळी पुण्याच्या दादाने घेतली. डोळे धुराने लाल. स्वभावाविषयीचे त्याचे मत मी विचारले नाही.

मूर्ती साडेअकराला बसली. नैवेद्याला नेवऱ्या, पातोळ्या, मुगागाठी, खतखते. खतखत्यात अळू नाही.

३० ऑगस्ट

विसर्जन परवाच झाले, दीड दिवसाचा गणपती. शेवटची गाडी आज सकाळी गेली. पिशव्या दिल्या: नारळ (सोललेले), सोलां, हळदीची पाने. कोणाला काय दिले ते नव्या वहीत लिहिले आहे. नवी वही म्हणजे साधी शाळेची, दोनशे पानी. पुण्याच्या नव्या जावयाचे खाते उघडले: ‘कारले आवडीने खातो. मासे नाही. लाजतो, दुसऱ्यांदा वाढताना विचारू नये, वाढावे.’

राहिलेली कामे: पश्चिमेच्या पाख्यातला तो थेंब अजून तिथेच, मेस्तला बोलवायचे. पंप पुन्हा आवाज करतो. तांब्याच्या भाणाला कल्हई. सोडणे आणि करवंट्या डिसेंबरपासूनच जमवायला लागायचे. पाडेलीला सांगून ठेवले, पैसे आगाऊ दिले. किल्ली एक वयनीकडे, एक माझ्याकडे. तिसरी कोणाकडे, हा वाद चालू आहे.

माघात कवळ्याच्या जत्रेला कारवारहून सहा जण येतो म्हणतात. खोल्या अजून सांगितलेल्या नाहीत. त्यातल्या दोघांचे आपसांत बोलणे नाही, आणि वहीत त्यावर एक जुनी टीप आहे, ती बघून ठरवू.